तुझा कागद पुढे कोणाकडे जाणार आहे?

कोल्हापूर

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तू पाठवलेले सादरीकरण मी सावकाश वाचले आणि त्याविषयी फोनवर बोलण्यापेक्षा लिहून कळवणे बरे, असे वाटले. फोनवर मी सांगत राहते, तू "हो, हो" म्हणत राहतोस आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही त्यातले काही आठवत नाही.

नवे फिक्स्चर, म्हणजे मशीनवर काम घट्ट धरून ठेवणारी पकड, घेण्याचा तुझा प्रस्ताव चांगला आहे, हे आधी सांगते. बाबांनीही फिक्स्चरचे चित्र पाहिले आणि त्यांना ते पटले. त्यांना सहजासहजी काही पटत नाही, हे तुला माहीत आहेच. परंतु हा प्रस्ताव तुझ्या सातव्या स्लाइडवर सुरू होतो. त्याआधी कंपनीचा इतिहास आहे, ध्येय आहे, दृष्टी आहे, अजेंडा आहे आणि हस्तांदोलन करणाऱ्या दोन परदेशी माणसांचा एक फोटो आहे. ज्यांच्यापुढे तू उभा राहणार आहेस त्यांनीच ती कंपनी चालवली आहे. तिचा इतिहास त्यांना कशासाठी सांगायचा?

शिरोलीच्या आपल्या कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार मी सांभाळते. कोटेशन, थकबाकीची पत्रे, रिजेक्शनची उत्तरे, बँकेचे कागद, सगळे याच टेबलावरून जाते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे, आणि तुझ्या अभ्यासक्रमात ते कोणी सांगितलेले दिसत नाही म्हणून लिहिते. आपण ज्याला लिहितो तो माणूस बहुतेक वेळा शेवटचा वाचक नसतो. खरेदी विभागातला माणूस आपले कोटेशन घेऊन त्याच्या साहेबाकडे जातो, साहेब ते फायनान्सकडे पाठवतो, आणि खरा निर्णय ज्या खोलीत होतो तेथे आपल्यापैकी कोणीच नसते. आपली बाजू तेथे तोच माणूस मांडणार असतो, घाईत, अर्धवट आठवून, आणि बहुधा दुसऱ्याच एखाद्या कामाच्या मधे. म्हणून लिहिताना मी स्वतःला विचारते की, हा कागद हातात धरून त्याला आपल्या वरिष्ठापुढे काय बोलता येईल? समोरच्याचे मन वळवणे म्हणजे माझ्या लेखी बरेचसे एवढेच आहे.

थकबाकीच्या पत्राचेच घे. "आम्ही लहान उद्योजक आहोत, पगार थकले आहेत, कृपया सहकार्य करावे," असे पत्र कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत, उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंत, रोज कोणी ना कोणी लिहीत असते. त्यात खोटे काही नसते, परंतु लेखा विभागातला जो मुलगा ते वाचतो त्याने त्याचे करायचे काय? आपली अडचण घेऊन तो साहेबाकडे जाऊ शकत नाही. जाण्यासाठी त्याला त्याच्या कंपनीचे कारण हवे असते. ते कारण कायद्याने दिलेले आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी आपल्यासारख्या पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या पुढे ठेवता येत नाहीत, आणि करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. परंतु व्याजाची भीती कोणी फारशी बाळगत नाही, कारण जुन्या गिऱ्हाइकाकडे व्याज मागायला जाणार कोण? खरा फरक १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकराच्या तरतुदीने पडला. सूक्ष्म व लघु उद्योगांची रक्कम त्या मुदतीत दिली नाही, तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच तो धरता येतो. आता त्या मुलाकडे साहेबासमोर ठेवण्यासारखे काही आहे. "शिरोलीची बाई पुन्हा फोन करते आहे," याऐवजी "हे बिल मार्चच्या आत गेले नाही तर आपला कर वाढेल," असे त्याला म्हणता येते.

म्हणून माझे पत्र चार ओळींचे असते. विषयात बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम. पहिल्या ओळीत माल पोहोचल्याचा दिवस आणि मुदत संपल्याचा दिवस. दुसरीत आपला उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे आपण लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद. तिसरीत कोणत्या तारखेपर्यंत पैसे अपेक्षित आहेत ते. आणि चौथीत, बिलाबद्दल काही हरकत असेल तर ती कोणाला कळवावी ते. कायद्याचे नाव पहिल्या पत्रात मी घालत नाही. ते दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवावे, कारण पहिल्याच पत्रात कलम दाखवले की माणूस वकिलासारखा वागू लागतो. सरकारी पत्रातल्या 'विषय' आणि 'संदर्भ' या दोन ओळींना तुम्ही मुले हसता, परंतु ज्याने ही रीत पाडली त्याला कागद टेबलाटेबलांवरून कसा फिरतो याची चांगली जाण होती. तुझ्या ई-मेलच्या विषयात "महत्त्वाचे" असे लिहिलेले असते. सहा महिन्यांनी तो ई-मेल कोणी कसा शोधायचा?

तक्रारीच्या उत्तराचा प्रकार याहून अवघड. गिऱ्हाइकाकडून माल परत आला की आठ टप्प्यांचा जो अहवाल मागतात, तो एट-डी तू पाहिलेला आहेस. ही पद्धत फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये घालून दिली आणि आता वाहन उद्योगात सगळीकडे चालते. त्यातील मूळ कारणाच्या रकान्यात अर्धा महाराष्ट्र एकच वाक्य लिहितो: "ऑपरेटरचे दुर्लक्ष. ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले." हे वाचले की गुणवत्ता विभागातला माणूस मनातल्या मनात हात जोडतो, कारण हे घेऊन तो वर गेला तर पहिलाच प्रश्न येणार, "आणि उद्या दुसरा ऑपरेटर आला तर?" आता समज, पावसाळ्यात कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागाला, ब्लोहोल (आत हवेची भोके) आले. साच्याच्या वाळूतला ओलावा वाढला होता, ओलावा तपासण्याची वेळ दिवसातून एकदाच होती, आणि ती सकाळी, म्हणजे दुपारच्या पावसाच्या आधी, होती. आता दर दोन तासांनी तपासणी होते, तिची नोंद सोबत जोडली आहे, आणि वाटेत असलेला माल अमुक तारखेपर्यंत शंभर टक्के तपासून देऊ. एवढे लिहिले तर समोरच्याला वर जाऊन उत्तर देता येते. दोष आपलाच असतो, तरी नाते टिकते. क्षमायाचनेचे दोन परिच्छेद लिहून ते टिकत नाही.

कागद वर पोहोचला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण फार मोठे आहे. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेत चॅलेंजर यानाच्या बूस्टर रॉकेटचे अभियंते दूरध्वनीवरील बैठकीत सांगत होते की, तापमान ५३ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये. थंडीत सांध्यातील रबरी कडे लवचीक राहत नाही, ही त्यांची भीती होती. त्यांनी घाईने तक्ते तयार करून फॅक्सने पाठवले. परंतु आधीच्या सर्व उड्डाणांचे तापमान आणि प्रत्येक वेळी कड्यांना झालेली इजा, या दोन गोष्टी शेजारी-शेजारी मांडलेला एकही तक्ता त्यात नव्हता. वरून दबाव आला, त्यांच्याच कंपनीच्या व्यवस्थापनाने शिफारस मागे घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सात अंतराळवीरांचा मृत्यू झाला. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांपर्यंत अभियंत्यांची मूळ हरकत पोहोचलीच नव्हती, असे नंतर चौकशी आयोगाला आढळले. सगळा दोष तक्त्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. ऐकायचेच नाही असे ठरवलेल्या माणसापुढे उत्तम तक्ताही फिका पडतो. तरीही त्याच चौकशीत पुढे जे घडले ते तू लक्षात ठेव. आयोगाचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी ११ फेब्रुवारीला भर सुनावणीत त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून चिमटा सैल केला आणि रबर लगेच पूर्ववत होत नाही हे सर्वांना दाखवले. जे पाहिले ते प्रत्येकाला घरी जाऊन जसेच्या तसे सांगता आले. आपल्या मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारीही रव्याचे, म्हणजे ढेपेचे, वर्णन ऐकत बसत नाही. फोडून रंग आणि कण पाहतो.

तेव्हा तूही फिक्स्चरच्या त्रिमितीय चित्रांची रांग लावण्यापेक्षा जुन्या फिक्स्चरची झिजलेली पिन बरोबर घेऊन जा आणि टेबलावर ठेव. ती हातोहात फिरू दे. ती फिरत असताना तू बोलू नकोस.

तुझी पहिली स्लाइड मी अशी लिहिली असती: "चार लाख ऐंशी हजार रुपयांच्या नव्या फिक्स्चरला मंजुरी हवी आहे. प्रत्येक सेटअपमागे ३० मिनिटे वाचतील आणि खर्च बारा महिन्यांत भरून निघेल." त्याखाली हिशोब, तोही लपवाछपवी न करता: दिवसाला चार सेटअप (चार वेळा मशीनवर नवे काम बसवणे) म्हणजे दोन तास, महिन्याचे २५ दिवस धरून ५० तास, तासाला ८०० रुपये दराने महिना ४० हजार. हे आकडे तुझेच आहेत. ते तू अकराव्या स्लाइडवर एका आलेखात पुरून ठेवले होतेस. प्लँट हेडला हे तीन वाक्यांत मुंबईला फोन करून सांगता आले पाहिजे. फायनान्सवाले विचारतील की, वाचलेल्या ५० तासांना काम आहे का? मशीन रिकामेच राहणार असेल तर ती बचत कागदावरची आहे. या प्रश्नाचे उत्तर तुझ्या सादरीकरणात कोठेच नाही, आणि माझ्या मते सगळी बैठक याच एका प्रश्नावर फिरेल. उत्पादन नियोजनाकडून पुढच्या तिमाहीच्या ऑर्डरी आजच मागून घे.

तुमच्या वर्गात शिकवलेले ते ७, ३८ आणि ५५ टक्क्यांचे सूत्र, म्हणजे बोलण्याचा परिणाम शब्दांनी सात टक्केच होतो आणि बाकीचा आवाजाने व चेहऱ्याने होतो, ते तू फार मनावर घेतलेले दिसते. अल्बर्ट मेहराबियन यांचे ते प्रयोग १९६७ चे आहेत आणि ते सुटे शब्द, आवाज व चेहरा यांतून बोलणाऱ्याची आवड-नावड कशी ओळखली जाते, एवढ्यापुरते आहेत. हे सूत्र भावना व्यक्त करण्याखेरीज इतरत्र लावू नये, असे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केले आहे. ते सगळीकडे खरे असते तर कोटेशन नुसते हातवारे करून देता आले असते. आरशासमोर उभे राहून हात कसे हलवावेत याचा सराव करण्यापेक्षा तीन अवघड प्रश्न मित्राला विचारायला लाव आणि त्यांची उत्तरे मोठ्याने दे.

आवाजाबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण कोल्हापूरकर, आपला आवाज मुळात मोठा, आणि आपले साधे बोलणेही पुण्यात भांडणासारखे ऐकू येते. तो आवाज मुद्दाम बारीक करू नकोस, कारण मग तू दुसराच कोणीतरी वाटशील. फक्त कोणी हरकत घेतली की लगेच उत्तर देऊ नकोस. प्रश्न पूर्ण होऊ दे, तो एकदा स्वतःच्या शब्दांत उच्चार, मग बोल. उत्तर ठाऊक नसेल तर "उद्या दुपारी बारापर्यंत कळवतो" असे सांग आणि साडेअकराला कळव. इंग्रजीची चिंता करू नकोस. स्लाइडवरचे इंग्रजी वाक्य शब्दशः वाचून दाखवणे हीच सभेला झोप आणण्याची खात्रीची रीत आहे. आकडे इंग्रजीत आणि कारणे मराठी-हिंदीत सांगितली तरी चाकणमध्ये कोणाची हरकत नसते.

स्लाइडलाच सर्वस्व मानू नकोस, हे सांगणारी मी पहिली नाही. अॅमेझॉनमध्ये २००४ साली जेफ बेझोस यांनी वरिष्ठांच्या बैठकीतून पॉवरपॉइंट बंद केले आणि त्याऐवजी पूर्ण वाक्यांतले टिपण आणायला लावले. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते गप्प बसून वाचतात. तुझ्या कंपनीत हे चालणार नाही, परंतु दोन पानांचे टिपण तयार करून बैठक संपताना प्रत्येकाच्या हाती देता येईल. स्लाइड तुझ्याबरोबर निघून जाते, टिपण टेबलावर राहते. आणि बैठकीत तोंडी जे ठरेल ते त्याच संध्याकाळी ई-मेलने सर्वांना लिहून पाठव, कोणी काय करायचे आणि कधीपर्यंत, एवढेच. बाबांचे सगळे व्यवहार शब्दावर चालत आले आणि त्यांना ते शोभते, कारण समोरचा माणूस वीस वर्षांच्या ओळखीचा असतो. तुझा प्लँट हेड दोन वर्षांनी बदलून जाईल.

एक राहिलेच. तुला वीस मिनिटे दिली असली तरी साहेब आधीच्या बैठकीतून उशिरा येतील आणि तुझ्या वाट्याला सात-आठ मिनिटेच उरतील, असे धरून चाल. तेव्हा भराभर स्लाइड पुढे ढकलत बसू नकोस. पहिली स्लाइड, पिन, हिशोब आणि मागणी, एवढेच बोलून थांब.

मला सगळे सादरीकरण पाठवू नकोस. शुक्रवारच्या आत फक्त पहिली स्लाइड, दोन पानांचे टिपण आणि समोर कोण कोण बसणार त्यांची पदे पाठव. फायनान्सकडून कोण येणार हे विचारून घे; कोणीच येणार नसेल तर टिपणातला हिशोब मी आणखी सविस्तर लिहायला सांगेन.

बाबांचे आशीर्वाद. त्यांनी जुन्या पिनेचे माप घेऊन ठेवायला सांगितले आहे.

तुझी,
आई