चावडीवरची पाटी नव्या स्मारकात कुठंय?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या गावच्या शहीद स्मारकाच्या सुशोभीकरणाची बातमी फोटोसकट आली होती. बातमीत चूक काही नाही, काम झालंय, स्टीलचं रेलिंग आलंय, रात्री लाइटिंग पण झक्कास दिसतं, पण फोटोत जे दिसत नाही त्याबद्दल लिहायचं होतं म्हणून हे पत्र.

आमच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक पांढरी संगमरवरी पाटी होती. शाळेत जाता-येता आम्ही तिच्यावर हात फिरवत जायचो, अक्षरं कोरून आत काळा रंग भरलेला, बोटाला खाच लागायची. मजकूर इंग्रजीत आणि एकच वाक्य, की या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेली आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. बास. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात अशा पाट्या गावोगाव आहेत, इंग्रज सरकारने बसवलेल्या, आणि वाक्य सगळीकडे साधारण तेच, फक्त आकडा बदलतो, फॉर्ममधल्या रिकाम्या जागा भराव्यात तसा. (पोरं नेहमी विचारतात की पुस्तकात तर युद्ध १९१८ ला संपलं मग पाटीवर १९१९ कसं. नोव्हेंबर १९१८ ला लढाई थांबली, व्हर्सायचा तह जून १९१९ ला झाला, म्हणून.)

तर नाव एकाचंही नाही. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जण त्या युद्धात कामी आले हे अख्ख्या जिल्ह्याला पाठ आहे, पण ४६ मधली चार नावं सांगा म्हटलं तर किती जण सांगतील? आमच्या घरातले पणजोबांचे थोरले भाऊ पण त्याच युद्धात गेलेले. घरात त्यांचं नाव कुणी घ्यायचंच नाही, "बसऱ्याला गेलेला" एवढंच म्हणायचे, आणि आजी म्हणायची जर्मनच्या लढाईत गेला. आता बसरा इराकात, तिथं समोर तुर्क होते, जर्मनचा संबंध लांबचा, पण गावाच्या लेखी ती जर्मनचीच लढाई.

नंतर कळलं की मराठ्यांच्या तीन पलटणी, १०३, ११० आणि ११७, तिकडे इराकातल्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, खायला दाणा नाही, शेवटी घोडे कापायची वेळ आली, आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस बरेच दिवस तोंडाला लावलं नाही. शेवटी शरणागती, आणि पुढे कैदेत उन्हात चालवत नेताना, रस्त्यांची कामं करताना जे मेले ते वेगळेच. आता बघा, बसऱ्याला या सगळ्यांचं मोठं स्मारक आहे, ४० हजारांवर माणसांचं, पण तिथं सुद्धा इंग्रज सैनिकांची नावं, आपल्यातल्या फक्त अधिकाऱ्यांची नावं, आणि शिपाई-हवालदारांचे पलटणीवार नुसते आकडे. तेच फ्रान्समध्ये नव्ह शापेलला १९२७ साली स्मारक झालं तिथं चार हजार सातशेवर भारतीयांची नावं नीट कोरलीत. म्हणजे ठरवलं तर जमत होतं. ज्या आयोगाने (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) ही स्मारकं उभारली त्यानेच २०२१ मध्ये चौकशी करून हा दुजाभाव झाल्याचं कबूल केलं, माफी पण मागितली.

आता आमच्या नव्या स्मारकाकडे या. काळ्या ग्रॅनाइटचा चौथरा, त्यावर फायबरची बंदूक आणि हेल्मेट. बंदुकीची नळी वर आणि हेल्मेट नळीच्या टोकाला! आमच्या शेजारचे रिटायर सुभेदार आबा उद्घाटनाला आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "अरे उलटी पाहिजे रे ती." शहिदाची बंदूक नळी खाली करून उभी करतात, हेल्मेट दस्त्यावर. इंडिया गेटखाली जानेवारी १९७२ मध्ये अमर जवान ज्योत झाली तिथं तशीच होती, टीव्हीवर किती वेळा दाखवलीय. ठेकेदाराने एखाद्या फौजीला फोन करून विचारलं असतं तरी काम झालं असतं.

आणि चौथऱ्याच्या दर्शनी बाजूला कोनशिला. त्यावर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सदस्य, सौजन्य अशी ओळीने नावं सोनेरी अक्षरात, मी मोजली, एकवीस. शहिदांचं एक पण नाही, "सर्व वीर शहिदांना विनम्र अभिवादन" एवढंच. इंग्रजाने निदान आकडा तरी कोरला होता राव! ती जुनी पाटी चावडी पाडताना काढली, सध्या एका खोलीत खताच्या पोत्यांमागे भिंतीला टेकवून ठेवलीय, एका कोपऱ्याचा टवका उडालाय आणि मध्यंतरी कुणीतरी खोली रंगवताना तिच्यावर पण ऑइल पेंटचा हात मारलाय त्यामुळे अक्षरं बुजलीत.

नावं मिळत नाहीत असं मला सांगितलं गेलं. मिळतात. त्या आयोगाच्या वेबसाइटवर माझ्या पुतण्याने मोबाइलवर एका रात्रीत आमच्या गावाची सात शोधली. बऱ्याच नोंदीत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, फक्त इंग्रजांनी कानाला ऐकू येईल तसं लिहिलंय त्यामुळे गावाचं स्पेलिंग चार प्रकारे टाकून बघावं लागतं. उरलेल्यांसाठी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर घराघरात एक "बसऱ्याला गेलेला" निघतो.

आमचं मागणं लय नाही. जुनी पाटी साफ करून चौथऱ्यात बसवा, टवका तसाच राहू दे, चालेल. बंदूक उलटी करा, चार नटबोल्टचं काम आहे. आणि नावं मराठीत, खोल कोरून घ्या, वरून रंगवून नको, सोनेरी रंग दोन पावसाळ्यात उडतो. जागा नाही म्हणू नका, चौथऱ्याची मागची बाजू पूर्ण कोरी आहे, मी परवा टेप घेऊन जाऊन आलोय, साडेतीन फूट बाय दोन फूट, दोन रकान्यात पहिल्या लढाईपासून आजपर्यंतचे सगळे बसतात.

आपला,
एक वाचक, सातारा जिल्हा