मंत्रिमहोदय, डिस्चार्जनंतरचं वर्ष मोजा

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

व्यसनमुक्ती केंद्राचं काम तपासताना दोन आकडे हमखास विचारले जातात. दाखल किती झाले, आणि उपचार पूर्ण करून घरी किती गेले. समुपदेशक म्हणून मी हे आकडे वर्षानुवर्षं भरत आले आहे. घरी गेलेला माणूस सहा महिन्यांनी कसा आहे, याला मात्र त्या तक्त्यात रकानाच नसतो. तो रकाना हवा आणि त्यामागे पैसाही हवा, हे सांगायला हे पत्र.

कारण मेंदूत आहे. १९५४ मध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत विजेची बारीक तार बसवली. कळ दाबली की हलका झटका. उंदीर ती कळ दाबतच राहिले. मग बरीच वर्षं सगळे मेंदूतल्या ‘सुखाच्या केंद्रा’बद्दल बोलत होते. पुढे वोल्फ्राम शुल्त्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी चित्र बदललं. अचानक रसाचा थेंब मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी उसळत. थेंबाआधी दिवा लागतो हे कळल्यावर त्या दिव्यालाच उसळू लागल्या, रस आला तरी शांत. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेहमीपेक्षाही मंदावत. म्हणजे ही यंत्रणा सुखापेक्षा अंदाज बांधण्याचं काम जास्त करते. काय मिळणार, कशामुळे मिळणार, हे ती शिकते. साध्या सुखाची मेंदूला सवय होते आणि हे शिकणं तिथे थांबतं. अमली पदार्थ डोपामिन थेट वाढवतो, त्यामुळे प्रत्येक वेळी ‘अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं’ अशीच नोंद होते आणि धडा पक्काच होत जातो.

मेंदूशास्त्रज्ञ केंट बेरिज यांचं संशोधन याच्याही पुढचं सांगतं. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी विझत जाते. “मॅडम, मजा कधीच संपली, पण घेतल्याशिवाय राहवत नाही,” असं पेशंट सांगतात तेव्हा घरच्यांना तो बहाणा वाटतो. तो बहाणा नसतो.

हेरॉइनचा एक पेशंट घरी जाण्याच्या बेतात होता. झोप लागत होती, वजन भरलं होतं. शेजारच्या खाटेवर नर्सने गोळ्यांची पट्टी फाडली. हेरॉइन ओढायला वापरतात तसा चंदेरी कागद चुरचुरला, आणि हा जांभया देऊ लागला, नाका-डोळ्यांतून पाणी, तळहात ओले. शरीरात हेरॉइनचा कणही नव्हता. मनोविकारतज्ज्ञ अब्राहम विकलर यांनी असंच काहीसं १९४०च्या दशकातच नोंदवलं होतं. नशा सोडून बराच काळ लोटलेली माणसं तिच्याबद्दल नुसतं बोलू लागली तरी त्यांना विथड्रॉअलसारखा, म्हणजे नशा तुटल्यावर होतो तसा त्रास होई. डिटॉक्सने, म्हणजे शरीरातली नशा उतरवण्याच्या उपचाराने, शरीर धुऊन निघतं, शिकलेलं पुसलं जात नाही.

व्हिएतनाममध्ये तैनात अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक जण तिथे हेरॉइन किंवा अफूच्या आहारी गेला होता. संशोधक ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा माग काढला, तेव्हा त्यातले पहिल्या वर्षात पुन्हा पूर्ण व्यसनात गेलेले अवघे ५ टक्के निघाले. त्यांच्यासाठी नशेची आठवण करून देणाऱ्या खुणांचा मुलूखच मागे पडला होता. आमचा पेशंट मात्र त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, तेच नंबर असलेला मोबाइल घेऊन परततो. आणि तो घसरला की केंद्राकडून फर्मान निघतं, ‘नियम मोडला, नाव कमी करा.’ दमा पुन्हा उसळला म्हणून कुणी रुग्णाला हाकलत नाही.

घसरण जीवघेणीही असते. नशा थांबली की सहनक्षमता झपाट्याने उतरते, तलफ मात्र टिकून राहते. जुना डोस नव्या शरीराला झेपत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्या लोकांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्यांच्या १२९ पट होता. आपल्या तक्त्यात ‘यशस्वी’ अशी नोंद होते, ती नेमकी अशाच पंधरवड्याच्या उंबरठ्यावर.

ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइन-अफूसारख्या पदार्थांच्या, व्यसनावर मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती २००५ पासून आहेत. ‘ही तर एका नशेच्या जागी दुसरी नशा’ हा आक्षेप मी बैठकांत इतक्यांदा ऐकला आहे की आता राग येतो. ही औषधं हळू चढतात, दीर्घकाळ टिकतात, मेंदूला चढ-उताराच्या झोक्यावर बसवत नाहीत. ती चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. मग ती ठरावीक मुदतीने बंद करण्याचा आग्रह कशासाठी?

मेंदू सावरतो, पण सावकाश. मेथॅम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ सोडलेल्यांच्या मेंदूचे स्कॅन संशोधक नोरा व्होल्कॉव्ह यांच्या गटाने पाहिले. सोडलेलं डोपामिन पेशीत परत उचलून घेणारे प्रथिन-रेणू (ट्रान्सपोर्टर) वर्षभराहून अधिक काळाने बऱ्यापैकी भरून आलेले दिसले, बौद्धिक चाचण्यांतली सुधारणा मात्र तेवढी नव्हती. तिसऱ्या आठवड्यात पेशंट म्हणतो, “सगळं फिकं वाटतंय.” आणि महिनाभराचा कार्यक्रम त्याला बहुधा त्याच फिक्या दिवसांत घरी धाडतो.

तेव्हा विनंती अशी. डिस्चार्जनंतर सहाव्या आणि बाराव्या महिन्याची नोंद केंद्रांना बंधनकारक करा आणि अनुदान तिच्याशी जोडा. ‘किती पूर्ण कोरडे राहिले’ एवढंच मात्र विचारू नका, नाहीतर आकडे सुंदर दिसावेत म्हणून अवघड पेशंट दारातूनच परत जातील. किती जण अजून संपर्कात आहेत, हेही विचारा. पाठपुरावा करणाऱ्या समुपदेशकाचं पद मंजूर करा, कारण आज हे फोन आम्ही ड्यूटी संपल्यावर करतो. घसरलेल्याला त्याच दिवशी परत घेण्याचा नियम करा. आणि ओपिऑइडच्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना, डिस्चार्जच्या कागदांबरोबर, ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोन हे औषध आणि ते कसं द्यायचं याचं दहा मिनिटांचं प्रशिक्षण द्या.

कळावे.

आपली नम्र,
एक व्यसनमुक्ती समुपदेशक