अ‍ॅसिड आणि ब्लीच एका कपाटात नको

महोदय,

दसरा-दिवाळीच्या साफसफाईत माळे उतरतात, पंखे पुसले जातात, डबे घासून उन्हात पडतात. पण ज्या बाटल्यांच्या जिवावर हे सारे होते, त्या ओट्याखालच्या कपाटात वर्षभर कोंबलेल्याच राहतात. बऱ्याच घरांत सिंकचा पाइप, गॅसचा सिलिंडर आणि कांदे-बटाट्यांची टोपलीही तिथेच असते. यंदा आवराआवरीची सुरुवात या कपाटापासून करावी, अशी नाशिककरांना कळकळीची विनंती आहे.

जागा कुठे आहे हे पाहून बाटली ठेवू नये, आत काय आहे हे पाहून ठेवावी. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. सुटे मिळणारे ‘अ‍ॅसिड’ही तेच, फक्त जास्त तीव्र. कपड्यांचे ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. दार लावलेल्या छोट्या संडासात त्याने घसा आणि छाती जळजळते, दमेकऱ्याचा तर जीव धोक्यात येतो. “दोन्ही टाकले की जास्त चकाचक होते” हा समज सर्वांत घातक आहे. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वही ब्लीचमध्ये मिसळू नये. अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रवही ब्लीचपासून लांबच हवा. म्हणून आम्लाच्या बाटल्या एका जागी आणि ब्लीच, ब्लीचिंग पावडर दुसऱ्या जागी ठेवाव्यात. एकाच कपाटातले वेगवेगळे कप्पे पुरत नाहीत, कारण वरची बाटली गळली की ओघळ खालीच येतो.

आम्लाची बाटली बंद दिसली तरी झाकणाच्या आट्यांतून वाफ निसटत असते. कपाटाची बिजागरी तांबूस झाली असेल, स्टीलच्या डब्यावर तपकिरी ठिपके उठले असतील किंवा नळाच्या जोडावर गंज धरला असेल, तर आधी ही बाटली तपासावी. गॅसच्या रेग्युलेटरशेजारी तिचे काहीच काम नाही. तिची जागा संडासाजवळच्या हवेशीर, कुलूपबंद कप्प्यात आणि खांद्याच्या उंचीच्या खाली असावी. माळ्यावर नको, काढताना हात सुटला तर ती थेट डोळ्यांवर येते. लहान मुले असलेल्या घरात कडी उंचावर लावावी. नुसत्या चुंबकाच्या दाराला दोन वर्षांचे मूल जुमानत नाही.

बाटल्या प्लास्टिकच्या काठाच्या ट्रेमध्ये ठेवाव्यात. सर्वांत मोठी बाटली पूर्ण सांडली तरी मावेल एवढा ट्रे हवा, म्हणजे लिटरच्या बाटलीला लिटरभर जागा. आम्लाचा ट्रे धातूचा नको. ड्राय बाल्कनी सोयीची खरी, पण पश्चिमेचे ऊन येत असेल तर तिथे ब्लीचचा कस लवकर जातो. ब्लीचिंग पावडरला ऊन आणि ओल दोन्ही सोसत नाहीत. पिशवीचे तोंड नुसते दुमडून ठेवले की पावसाळ्यात तिचे गोळे होतात आणि टाकीत टाकूनही उपयोग होत नाही. घट्ट झाकणाच्या कोरड्या प्लास्टिकच्या डब्यात ती ठेवावी. दिवाळीच्या रंगकामाचे टर्पेंटाइन, थिनर किंवा रॉकेल तिच्याजवळ अजिबात नको, आग लागू शकते.

नाला मोकळा करायची पावडर म्हणजे कॉस्टिक सोडा. अर्धे पाकीट रबर लावून ठेवले तर ती हवेतली ओल ओढून पाझरू लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला ती खाते. तिच्यामागोमाग अ‍ॅसिड ओतले तर मिश्रण उकळून उसळी मारते.

सर्वांत मोठी काळजी सुट्या मालाची आहे. पांढरे फिनेल ताकासारखे दिसते, अ‍ॅसिड पाण्यासारखे, आणि दोन्ही दारावर मिळतात ती पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली अ‍ॅसिडच्या विक्रीवर बंधने घातली आहेत: खरेदीदाराची नोंद ठेवायची, ओळखपत्र पाहायचे, 18 वर्षांखालील कोणाला विकायचे नाही. या नियमांची दारावरच्या विक्रीतही अंमलबजावणी व्हावी. आपणही मूळ लेबलाच्या बंद बाटलीखेरीज काही घेऊ नये. लेबल सुटत असेल तर नाव आणि खरेदीचा महिना मार्करने लिहून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी.

मुळात अ‍ॅसिड घ्यायची गरजच कमी असते. बोअरच्या पाण्याने नळावर बसलेल्या पांढऱ्या थरासाठी पाव लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्व विरघळवावे, त्यात भिजवलेले फडके नळाला 15-20 मिनिटे गुंडाळावे आणि मग धुऊन टाकावे. हे पाणी कडप्प्याच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर किंवा संगमरवरावर मात्र सांडू देऊ नये. हे तिन्ही चुन्याचे दगड. आम्लाचा थेंब पडला की फेस येतो, तिथली चकाकी जाते आणि मग कितीही पुसले तरी परत येत नाही.

फडकी, घासण्या यांचे सोपे आहे: संडासाची, फरशीची आणि ओट्याची वेगळ्या रंगांची हवीत. मॉप डोके वर करून किंवा टांगून वाळवावा, बादलीत ओला सोडला की वास धरतो.

एवढे करूनही कोणाच्या पोटात गेलेच, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नये. वर येताना आम्ल अन्ननलिका पुन्हा जाळते. तोंड धुवावे, 108 ला फोन करावा आणि बाटली सोबत न्यावी. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याखाली किमान 15 मिनिटे धरावे, आणि तेही लगेच, डॉक्टरकडे निघण्याआधी.

जुन्या, नाव नसलेल्या बाटल्या एका पिशवीत भरून घंटागाडीत टाकू नयेत. गाडीत दाबल्या गेल्या की त्या फुटतात, आणि वायू कामगाराच्या तोंडावर येतो. 2016 च्या घनकचरा नियमांतच ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा कचरा ठेवायला सांगितले होते. या बाटल्या घट्ट बंद करून, एकेक वेगळी, कामगाराला सांगून हातात द्याव्यात. महापालिकेनेही दिवाळीआधी प्रभागवार एखादा दिवस फक्त असा कचरा गोळा करण्यासाठी ठेवावा.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक