गच्चीवरच्या हॅम रेडिओच्या मोटर-अँटेनाबाबत सूचना

सर्व सभासदांना,

वळवाचे दिवस सुरू झालेत. काम संपलं की कंट्रोलरवरून अँटेनाची पट्टी (मोटर जी आत-बाहेर करून लांबी बदलते ती) पूर्ण आत गुंडाळून घ्या, मगच कोॲक्स (रेडिओला जोडणारी केबल) काढा. परवा ती रात्रभर वर तशीच राहिली होती. नशीब, वीज पडली नाही.

लांबी बदलत असताना पीटीटी (बोलायचं बटण) दाबू नका. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे १० मीटर पट्टी लागते, १४.२ ला ५ मीटर. मोटरला तेवढं अंतर कापायला वेळ लागतो. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं माप) उतरल्यावरच बोला.

मध्येच लाइट गेली तर पट्टी किती बाहेर आहे याचा कंट्रोलरचा हिशेब चुकू शकतो. पट्टी आधी शून्यावर आणा.

आणि रेडियलच्या (अँटेनाच्या बुडापासून पसरलेल्या) तारांवर कपडे वाळत घालू नका, प्लीज!

– सचिव