चि. मुक्तास, ज्वारीच्या सॅलडविषयी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर हिमोग्लोबिन 9.2 आल्याचे तू जाता जाता सांगितलेस आणि लगेच आईकडे ज्वारीच्या सॅलडची कृती मागून फोन ठेवलास. बायकांचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात, एवढे मी येथे विचारून घेतले आहे. याविषयी जास्त लिहिणार नाही असे आईला कबूल केले आहे. तिच्या डोळ्यांना अजून ताण चालत नाही, म्हणून ती सांगते आणि मी लिहितो.

बापूकाकांबरोबर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पाठवली आहे. वाटीभर ज्वारी निवडून, धुऊन रात्री भिजत घाल. सकाळी ते पाणी टाकून तीन वाट्या ताजे पाणी आणि मीठ घाल, कुकरच्या सहा-सात शिट्ट्या होऊ दे आणि पुढे वीस मिनिटे मंद आचेवर ठेव. दाणा बोटांत दाबल्यावर चेपला पाहिजे, पण साल फुटून त्याचा लगदा होता कामा नये. उरलेले पाणी आमटीत घाल आणि दाणे ताटात पसरून गार कर, कारण गरम दाण्यांवर काकडी पडली की तिला पाणी सुटते. मोड आणायचे ते मुगाला, ज्वारीला नव्हे. जोंधळ्याच्या कोवळ्या कोंबात विषारी अंश असतो. कोवळ्या ज्वारीत शिरलेल्या जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती त्यामुळेच.

मोड आलेले मूग वाफवून घे. गाजर, कांदा, बिया काढलेला टोमॅटो आणि काकडी बारीक चीर. आईचे म्हणणे, याला खरी चव येते ती पचडीला घेतो तशा कोवळ्या मेथीने. ती कच्चीच, मूठभर चिरून घालावी. वरून शेंगदाण्याचे भरड कूट आणि मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी. लिंबू मात्र जेवायला बसल्यावरच पिळ आणि भरपूर पिळ, कारण धान्यातले लोह अंगी लागायला आंबटाची मदत होते आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमके उलटे करतो. तुझा दुपारचा चहा मला ठाऊक आहे. त्याच्याआधी जेवण होते का, हे मात्र ठाऊक नाही.

शंभर ग्रॅम ज्वारीत लोह साधारण चार मिलिग्रॅम, तेही सगळे अंगी लागत नाही. तेव्हा सॅलड खाते म्हणून गोळ्या टाळू नकोस. रात्री दहापर्यंत काम करायचे, दुपारी बिस्किटांवर भागवायचे आणि चक्कर आली की उन्हाला दोष द्यायचा, याला काय म्हणावे? हे पुन्हा उपदेशाच्या वळणावर गेले, राग मानू नकोस. परवाच बँकेतल्या साहेबांना तुझ्या बढतीचे मी इतक्या तपशिलाने सांगितले की मागची रांग कुरकुरू लागली.

वेळा अमावास्येच्या सणाला शेतात जाताना तू अंबिलीने भरलेला बिंदगा डोक्यावर घेण्यासाठी हट्ट करायचीस आणि मग बांधापर्यंत पोचण्याआधीच माझ्याकडे द्यायचीस. शेतात बसल्यावर भाज्या-शेंगांच्या भज्जीतले वाटाणे वेचून खायचीस, पिठाचा उंडा मात्र आजीच्या पदराआड ठेवून द्यायचीस. आजीला सगळे दिसत असे. ती काही न बोलता तुझ्या पानात आणखी भज्जी वाढायची, आणि गप्पांच्या नादात तीही संपायची. तुला कोणी जवळ बसून वाढले की तू जेवतेस. तिकडे कोण वाढणार, हाच माझा प्रश्न आहे, आणि तो आईला बोलून दाखवण्याची सोय नाही.

असो. शिजवलेली ज्वारी झाकून फ्रिजमध्ये तीन दिवस नीट राहते, म्हणजे रविवारची बुधवारपर्यंत चालेल. डब्यात काकडी, टोमॅटो वेगळे ने आणि मीठ खाताना मिसळ. आई सांगते की डाळिंबाचे दाणेही छान लागतात. मला ते फाजील लाड वाटतात, पण तुला आवडत असतील तर घाल.

पुन्हा रक्त कधी तपासायचे, गोळ्या किती दिवसांच्या आहेत आणि दुपारी किती वाजता जेवतेस, ही तीन उत्तरे आईच्या फोनवर न देता मला वेगळी कळव.

तुझे,
बाबा