प्रवासीसंख्येचे अंदाज पुन्हा तपासा

महोदय,
मुंबईत मोनोरेलचा चेंबूर-वडाळा टप्पा २०१४ मध्ये, तर संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा पुढचा टप्पा २०१९ मध्ये सुरू झाला. पण मंजुरीच्या वेळी गृहीत धरलेली गर्दी डब्यांत कधी दिसलीच नाही. वर रिकामी बाके धावत असत, खाली बसथांब्यावर मात्र रांग. ब्रिटनमध्ये मोठा महामार्ग खुला झाल्यावर एका आणि पाच वर्षांनी वाहतूक, अपघात व खर्चाचे मूळ अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहिले जातात. आपल्याकडे फीत कापली की प्रकल्प अहवाल कपाटात जातो! नव्या मेट्रो मार्गाला मंजुरी देताना, आधीच्या मार्गांचे अंदाज कितपत खरे ठरले याचा तक्ता प्रस्तावासोबत जोडणे राज्य शासनाने बंधनकारक करावे.

– एक वाचक, चेंबूर