क्वांटम संगणकाला फिटरही लागतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी नातीला घेऊन एका करिअर मेळाव्याला गेलो होतो. ती यांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्वांटम संगणकावरचे भाषण संपल्यावर तिने उभे राहून विचारले, "सर, यात मेकॅनिकलवाल्यांना काही काम असतं का?" व्यासपीठावरून उत्तर आले की हे क्षेत्र गणित आणि कोडिंगवाल्यांचे, बाकीच्यांनी त्यात वेळ घालवू नये. पोर मुकाट्याने खाली बसली. मी तीस वर्षांहून अधिक काळ पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आहे. हे उत्तर साफ चुकीचे आहे.

गूगल आणि आयबीएम ज्या प्रकारचा क्वांटम संगणक बांधत आहेत, त्याचा पाया अतिसंवाही, म्हणजे अतिथंडीत वीज विनाअडथळा वाहू देणारे, सर्किट हा आहे. अॅल्युमिनियमचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये त्याच धातूच्या ऑक्साइडचा, एक-दोन नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. हे झाले जोसेफसन जंक्शन. अशा जंक्शनचे सर्किट एखाद्या अणूसारखे, म्हणजे ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच, वागते, हे क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांनी १९८४-८५ मध्ये बर्कलेला दाखवले. २०२५ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना त्याचसाठी मिळाले.

हे सर्किट म्हणजेच क्यूबिट, क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक. ते साधारण ५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरीवर चालते. त्या लहरीची ऊर्जा इतकी थोडी असते की पाव केल्विनची, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या निरपेक्ष शून्याहून जेमतेम पाव अंश वरची, उष्णताही तिच्या बरोबरीला येते आणि माहिती बिघडवते. म्हणून चिप १० ते २० मिलिकेल्विनपर्यंत (केल्विनचा हजारावा भाग म्हणजे मिलिकेल्विन) थंड ठेवावी लागते. अंतराळाचे तापमान २.७ केल्विन, म्हणजे ही चिप त्याहून शंभरपटीने अधिक थंड! त्यासाठी हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणावर चालणारा शीतक लागतो. आता प्रत्येक क्यूबिटला वरून खाली तारा न्यायच्या, आणि प्रत्येक तार आपल्याबरोबर थोडी उष्णता खाली नेणार. क्यूबिट थोडे असतील तोवर हे जमते. पण सुटा क्यूबिट वारंवार चुकतो, म्हणून गूगलच्या २०२४ च्या विलो चिपवर एकच भरवशाचा क्यूबिट जपायला ७ बाय ७ ची जाळी, म्हणजे माहितीचे ४९ आणि त्यांच्यावर पाळत ठेवणारे ४८ क्यूबिट, खर्ची पडले. जाळी ३ वरून ५ आणि ५ वरून ७ केली तेव्हा दर खेपेस चूक निम्म्याहून खाली आली, ही त्यातली खरी आनंदाची गोष्ट. मात्र उपयोगाची गणिते सोडवायला असे शेकडो-हजारो भरवशाचे क्यूबिट हवेत. तेवढ्या तारा त्या शीतकात मावतील कशा? शीतकाभोवतीच्या निर्वाताचे सांधे गळणार नाहीत कसे? ही कामे कोडिंगची नाहीत. सांधे जोडणारे, हेलियमची गळती हुडकणारे, मायक्रोवेव्ह केबल नीट कसणारे हात त्याला लागतात.

आमच्या प्रयोगशाळेत एकदा पदवीच्या मुलांना तासभर दोष सापडेना. सहायकाने एक कनेक्टर बोटाने हलवून पाहिला आणि तो तिथेच निघाला. तसली बोटे कमी लेखू नयेत.

आणि हे इंदूरमध्ये सांगावे लागावे, याचे अधिक वाईट वाटते. ज्याला आपण सगळे अजून 'कॅट'च म्हणतो, त्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात कणत्वरकांसाठी (अणूंहून लहान कणांना वेग देणाऱ्या यंत्रांसाठी) नायोबियम धातूच्या अतिसंवाही पोकळ्या घडवल्या जातात. त्या लेसरने जोडण्याचे तंत्र तिथेच विकसित झाले, आणि त्यांची चाचणी २ केल्विनला होते. अतिथंड तंत्र, निर्वात, अचूक जोडकाम, सगळे आपल्या शहराच्या हद्दीत आहे. कॅट रोडने रोज जाणाऱ्या मुलांना याची कल्पनाही नसते.

खोटी आशा मात्र दाखवू नये. क्यूबिटचा आराखडा करायला भौतिकशास्त्रात किंवा विद्युत अभियांत्रिकीत पीएच.डी. लागते आणि भारतात अशा जागा आज थोड्याच आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिसंवाही क्यूबिटवर काम चालते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचे ६,००३.६५ कोटी रुपये २०३०-३१ पर्यंत खर्च व्हायचे आहेत आणि ५० ते १,००० क्यूबिटचे यंत्र हे तिचे एक उद्दिष्ट आहे. ते यंत्र बांधायला तंत्रज्ञ लागतील, ते आजच घडवायला घ्यावे लागतील. दोन महिन्यांच्या 'क्वांटम कोर्स'साठी पालकांनी भरमसाट पैसे मोजण्यात मात्र काही हशील नाही.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. शहरातल्या पॉलिटेक्निकनी निर्वात पंप आणि गळती-शोधन यांचे एक तरी प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात घ्यावे. जुन्या पंपावरही ते शिकवता येते. आणि आपण यंदाच्या प्रवेश पुरवणीत एखाद्या अतिथंड प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची मुलाखत छापावी. तो शिकला काय, पहिली नोकरी कुठे लागली, दिवसभर हाताने काय करतो, एवढे त्याला विचारा. ते पान मी नातीसाठी कापून ठेवीन.

आपला,
एक निवृत्त अध्यापक
रामबाग, इंदूर